पाटावरचा बाप्तिस्मा आणि माझी एक चुकीची बातमी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचली तर पूर्ण वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर पुन्हा एक व्हिडिओ फिरायला लागला. कमरेएवढ्या पाण्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उभा आहे, दुसरा त्याला मागे झुकवून पाण्यात बुडवतो आणि वर काढतो. काठावरचे लोक टाळ्या वाजवतात. खाली ओळ : "बघा, आपल्याकडे काय चाललंय." मला हा व्हिडिओ किमान दहा जणांनी पाठवला. "पत्रकार झोपलेत का?" असंही एकाने विचारलं.

झोपलेलो नाही. सहा वर्षांपूर्वी असाच एक व्हिडिओ आला होता आणि तेव्हा मी फारच जागा होतो. त्याचं काय झालं ते सांगतो.

तेव्हा पाटाला आवर्तन सुटलेलं होतं. रविवारी दुपारी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. मी पाठवणाऱ्याला फोन केला, ठाण्यात फोन केला, एका संघटनेच्या कार्यकर्त्याची प्रतिक्रिया घेतली आणि संध्याकाळी सहाच्या आत बातमी पाठवली. मथळा होता : "पाटावर सामूहिक धर्मांतर?" शेवटी प्रश्नचिन्ह. आमच्या धंद्यातल्या लोकांना या प्रश्नचिन्हाचा अर्थ माहीत आहे. खात्री केलेली नसते, पण छापायचं असतं, तेव्हा ते टाकतात.

फक्त एक फोन मी केला नाही. जो माणूस पाण्यात होता, त्याला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आठ जणांना बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. जबाब झाले. गुन्हा काही दाखल झाला नाही, कारण दाखल करण्यासारखं काही नव्हतंच. पण व्हिडिओतला जो पोरगा होता, वय पंचवीस, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान भाड्याच्या गाळ्यात होतं. मालकाने आठवड्यात गाळा खाली करायला सांगितला. "तुझ्याविषयी माझं काही नाही, पण उगाच लफडं नको."

चौथ्या दिवशी त्या पोराची आजी माझ्याकडे आली. पंच्याहत्तरीची बाई, नऊवारी पातळ, हातात एक पिशवी. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तीन कागद काढून माझ्या टेबलावर मांडले. एक तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला, एक तिच्या मुलाच्या आणि एक त्या नातवाच्या. तिन्ही एकाच चर्चचे. नातवाच्या दाखल्यावर वय होतं तीन महिने.

"दादा, तुम्ही लिवलंय धर्मांतर झालं म्हणून. माझ्या सासऱ्यापासून आम्ही ख्रिस्ती. आता सांगा, आम्ही कुठून कुठं गेलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, "आजी, मग त्याचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, तर पाटावर काय चाललं होतं?"

तर ती बाई एकदम रडायला लागली. पोलिसांसाठी नाही, माझ्या बातमीसाठीही नाही. म्हणाली, "तेच तर माझं दुखणं हाये. तो म्हणतो, पहिला बाप्तिस्मा खरा नव्हताच."

म्हणजे ज्या पाण्यावरून बाहेरचे लोक संतापले होते, त्याच पाण्यावरून त्या घरातही आग लागलेली होती. कारण मात्र पूर्णपणे वेगळं होतं. आणि त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. नगर जिल्ह्यात जन्म गेला, मिशनच्या शाळेत शिकलेले मित्र, नाताळला त्यांच्या घरी करंज्या खाल्लेल्या. पण "ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन" एवढंच माझं ज्ञान.

पेपरात चौथ्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तो कुणी वाचला नाही. मी मात्र त्यानंतर एक काम केलं, जे बातमीआधी करायला हवं होतं. चार दारं ठोठावली आणि विचारत बसलो.

पहिलं दार त्या आजीच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं. हे चर्च म्हणजे जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं, ज्याला सगळे सीएनआय म्हणतात. इथे आईवडील बाळाला घेऊन येतात, पाळक त्याच्या डोक्याला पाणी लावून "पिता, पुत्र व पवित्र आत्मा" यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात. बाळाला काही कळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा ही आधी देवाने केलेली गोष्ट आहे, माणसाने नंतर. लेकरू मोठं झालं, शिकलं, की दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने होकार देतं.

दुसरं दार कॅथलिक फादरांचं. ते बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात. तिथेही बाळालाच, आणि शक्यतो लवकर. डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र, पेटलेली मेणबत्ती, धर्मपिता आणि धर्ममाता. मूळ पापाचा डाग धुतला जातो आणि आत्म्यावर कायमचा शिक्का बसतो, असं ते मानतात. शिक्का कायमचा, म्हणून संस्कार एकदाच.

फादरांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चाटच पडलो. जीव जाण्याची वेळ आली आणि धर्मगुरू नसला, तर कुणीही हा संस्कार देऊ शकतं. चर्चचा जो हेतू तोच मनात धरून, पाणी ओतून, ठरलेले शब्द म्हटले की झालं. देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या हिंदू किंवा मुसलमान नर्सने शेवटच्या घटका मोजणाऱ्या बाळाला आईच्या विनंतीवरून दिलेला स्नानसंस्कार व्हॅटिकनच्या लेखी पक्का.

आणि दुसऱ्या बाजूला शब्दांची कडक शिस्त. "मी तुला बाप्तिस्मा देतो" ऐवजी "आम्ही देतो" म्हटलं तर तो संस्कार झालाच नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला. अमेरिकेत फिनिक्सला एक धर्मगुरू वर्षानुवर्षं "आम्ही" म्हणत आले होते. २०२२ मध्ये ते उघड झालं आणि हजारो लोकांना आपला संस्कार झालाय की नाही हे शोधत बसावं लागलं.

म्हणून विचारलं, "मग सीएनआयवाल्यांनी दिलेला चालतो का?" फादर म्हणाले, चालतो. पाणी आहे, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे शब्द आहेत, पुन्हा द्यायची गरज नाही.

तिसरं दार मुक्तिफौजेचं. नगरच्या बूथ हॉस्पिटलमुळे हे नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत. मेजर बाईंना विचारलं, तुमच्याकडे शिंपडतात की बुडवतात? त्या हसल्या. "आमच्याकडे बाप्तिस्माच नाही." मुक्तिफौजेने १८८३ पासून असे विधी करणं थांबवलं. बाळाला झेंड्याखाली देवाला अर्पण करतात, मोठेपणी शपथ घेऊन शिपाई होतात. पाणी नाही. खरा बाप्तिस्मा आतला, असं त्यांचं म्हणणं.

याची गंमत, किंवा दुःख म्हणा, लग्नाच्या वेळी कळतं. मुक्तिफौजेतल्या मुलीचं कॅथलिक मुलाशी जमलं, तर जन्मभर प्रार्थना केलेली ही मुलगी चर्चच्या कागदावर "बाप्तिस्मा न झालेली" ठरते. हिंदू मुलीशी लग्न करताना जी खास परवानगी लागते, तीच इथे लागते.

चौथं दार पाटावर बाप्तिस्मा देणाऱ्या पास्टरांचं. पत्र्याच्या शेडमधलं चर्च, भिंतीला ढोलकी टांगलेली. तो माणूस माझ्याशी बोलायला तयार नव्हता आणि का असावा? दोन खेपा झाल्यावर बोलला. "सर, बायबलमध्ये आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा असा क्रम आहे. तीन महिन्यांचं लेकरू काय विश्वास ठेवणार? येशू स्वतः यार्देन नदीत उतरला तेव्हा तो मोठा माणूस होता." बुडणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण आणि वर येणं म्हणजे नवा जन्म. म्हणून पूर्ण बुडवायचं, एक केससुद्धा कोरडा ठेवायचा नाही. मी म्हटलं, मग हा दुसरा बाप्तिस्मा झाला ना? तो म्हणाला, "नाही. पहिलाच. आधी झाला तो बाप्तिस्मा नव्हता."

इथे भांडणाचं मूळ सापडलं. बाप्तिस्मा दोनदा घ्यायचा असं कुणीच म्हणत नाही. एकदाच, यावर सगळ्यांचं एकमत. कोणता एक, यावर नाही.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की हे भांडण पाचशे वर्षांचं आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. २१ जानेवारी १५२५ ला स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात काही तरुणांनी बाळपणीचा बाप्तिस्मा नाकारून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. झुरिकच्या नगर परिषदेने याला मृत्युदंड ठरवला. ५ जानेवारी १५२७ ला फेलिक्स मान्झ या त्यांच्यातल्या तरुणाला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवून मारलं. तुम्हाला पाणीच पाहिजे ना, मग घ्या पाणी. मारणारेही ख्रिस्ती, मरणाराही ख्रिस्ती. सरकारला एवढा राग का, तर त्या काळी गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ चर्चचं आणि पर्यायाने राज्याचं. "मी मोठा झाल्यावर ठरवेन" असं म्हणणारा माणूस सत्तेला परवडत नव्हता.

आणि या भांडणाचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. १८१२ मध्ये अमेरिकेहून तरुण मिशनऱ्यांची एक तुकडी दोन जहाजांतून कलकत्त्याला आली. सगळे बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे. त्यातला अॅडोनायरम जडसन प्रवासात बायबल घेऊन बसला, कारण बंगालात विल्यम कॅरीच्या बॅप्टिस्ट लोकांची गाठ पडणार होती आणि त्यांना उत्तर द्यायची तयारी हवी होती. तयारी करता करता त्यालाच वाटलं, त्यांचं बरोबर आहे. त्या सप्टेंबरात त्याने आणि त्याच्या बायकोने कलकत्त्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग ल्यूथर राइसनेही. तुकडी फुटली. जडसन ब्रह्मदेशात गेला. जे जुन्या मतावर राहिले, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तेच अमेरिकन मराठी मिशन. ते १८३१ मध्ये नगरला आलं, शाळा काढल्या, चर्च बांधली. त्या आजीच्या सासऱ्याच्या डोक्याला ज्या परंपरेतलं पाणी लागलं, ती ही परंपरा. पाटाकाठचं भांडण दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात होऊन गेलेलं होतं.

मग आपल्या लोकांनी यावर काही केलं की नाही? केलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त मोठ्यांना देणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईवडिलांना वाटलं तर बाळपणी, नाहीतर मोठेपणी स्वतःच्या इच्छेने. अट एवढीच, की एकदा झाला की झाला. जगभरातल्या चर्चच्या परिषदेनेही १९८२ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात ठरवलेल्या मसुद्यात तेच म्हटलं. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, तसा अर्थ निघेल असंही काही करू नका.

आपले रेव्हरंड टिळक तर याहून पुढे गेले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घराची काय वाताहत झाली ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःचं मन वळल्यावर. नवऱ्याने घेतला म्हणून नाही. याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला आणि त्याचं दार बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना उघडं ठेवलं. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी सगळं गमावलं, त्यानेच म्हणावं की पाण्यावाचूनही माणूस आत येऊ शकतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता कुणी म्हणेल, हा त्यांचा घरगुती मामला, आपल्याला काय करायचंय? तर तो नुसता घरगुती राहत नाही. बाप्तिस्म्याचा कागद कोर्टात जातो. २६ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. पुद्दुचेरीतल्या एका बाईने नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. आई ख्रिस्ती, वडील हिंदू. आपण हिंदूच आहोत असं तिचं म्हणणं. कोर्टाने जे पुरावे धरले त्यात तिच्या बाप्तिस्म्याची नोंद होती आणि तो झाला तेव्हा ती काही आठवड्यांचं बाळ होती. अर्थात ती पुढेही चर्चला जात होती, हेही कोर्टाने पाहिलं, आणि दाखला नाकारला. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुस्लिमांना नाही. निकाल बरोबर की चूक यावर वाद घाला, पण एक लक्षात घ्या. पाळण्यातल्या लेकराच्या डोक्यावरचं पाणी तीस वर्षांनी त्याच्या नोकरीच्या फायलीत निघतं. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं कोणत्या वस्त्यांमधून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा "बाप्तिस्मा" हा शब्द छापताना हात थोडा जड पडला पाहिजे.

आणि समजा, पाटावरचा पोरगा खरंच हिंदू असता आणि ख्रिस्ती होत असता तर? तरीही तो पंचवीस वर्षांचा होता. संविधानाचं कलम २५ त्याला स्वतःचा धर्म निवडण्याचं स्वातंत्र्य देतं. कुणी बळजबरी केली, फसवलं, तर तो वेगळा मामला आणि त्याचा पुरावा लागतो. पांढरे कपडे आणि ओले केस हा पुरावा नाही. माझी चूक फक्त "ते आधीच ख्रिस्ती होते" एवढी नव्हती. मी त्याला विचारलंच नाही, ही चूक होती.

शेवटी विचारलं. उशिरा, पण विचारलं. त्याला नवीन गाळा शोधायला मदत केली, ती काही मेहेरबानी नव्हती, देणं होतं. तेव्हा आजीसमोरच बसून त्याला म्हटलं, का रे बाबा हा खटाटोप? तो म्हणाला, "सर, पहिल्या वेळी मी हो म्हटलंच नव्हतं. माझ्या वतीने दुसऱ्यांनी म्हटलं."

आजी चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "तू हो म्हणायच्या आधी देव तुला हो म्हणला होता. ते तुला पुरं नाही पडलं."

पाचशे वर्षांचं भांडण त्या दोन वाक्यांत आलं. आणि मला दोघंही खरे वाटले.

गेल्या वर्षी त्या पोराला मुलगी झाली. बाप्तिस्मा दिला नाही. पास्टरांनी प्रार्थना करून अर्पण केलं, पाण्याशिवाय. आजी पत्र्याच्या शेडमध्ये गेली, शेवटपर्यंत बसली, पेढेही वाटले. नंतर मला म्हणाली, "तिचा दाखला नाही झाला. पण ती मोठी होऊन काय ते सांगंल. तवर मी कुठं ऱ्हाते म्हणा." मी त्यांना विचारूनच हे लिहितोय. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओचं म्हणाल, तर तो कुठला, कधीचा, त्यात कोण आहे, हे पाठवणाऱ्या दहापैकी एकालाही माहीत नव्हतं. मी प्रत्येकाला विचारलं. एकजण म्हणाला, "ते तुम्ही शोधा ना, तुम्ही पत्रकार आहात." बरोबर आहे. शोधतोय. पण शोधून होईपर्यंत तुम्हीही तो पुढे ढकलू नका, एवढंच सांगायचं होतं. त्या पाण्यात उभा असलेला माणूस कुणाचातरी भाडेकरू असेल.